पाच बाय अडीच

आमच्या धंद्यात लाकडाला आता कुणी विचारत नाही. कॉलम, बीम, स्लॅब, सळई किती एमएमची, रिंगा किती अंतरावर, यात माझी पंचवीसेक वर्षं ठाण्यात गेली. कॉलेजात लाकडाचा एक धडा होता, तोही ऑप्शनला टाकता यावा म्हणूनच ठेवल्यासारखा. साइटवर लाकूड म्हणजे सेंटरिंगच्या फळ्या आणि बल्ल्या. काँक्रीटला जोर आला की ठोकून काढायच्या आणि पुढच्या मजल्यावर न्यायच्या. त्यामुळे बेलापूरच्या ताईला मागच्या अंगणात एक खोली वाढवायची होती आणि तिने “वासे किती जाडीचे घ्यायचे तेवढं सांग” असं म्हटलं, तेव्हा मला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं. जे काम कॅल्क्युलेटरवर चहा निवायच्या आत व्हायला हवं, ते लाकडाच्या बाबतीत तसं होत नाही. आकडेमोड सोपी आहे, अगदी डिप्लोमाच्या पोराला जमेल अशी. पण आकडेमोड ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा असतो, हे लाकूड हाताळल्याशिवाय लक्षात येत नाही.

ताईचं घर आर्टिस्ट व्हिलेजमधलं, बेलापूर सेक्टर आठ, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. चार्ल्स कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी ही वसाहत आखली. सात घरं आठ मीटर बाय आठ मीटरच्या एका अंगणाभोवती, असे तीन गट मिळून आणखी एक मोठं अंगण. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरिबाचा आणि त्यातल्या त्यात बऱ्या माणसाचा प्लॉट यांत फार फरक नाही. आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. ज्याला जसं जमेल तसं त्याने घर वाढवावं, शेजाऱ्याच्या पाया पडायला लागू नये, हा त्यामागचा विचार. साधी विटांची भिंत, वर उतरतं छप्पर, गावातल्या गवंड्या-सुताराला करता येईल असं सगळं.

लोकांनी घरं वाढवली, पण छप्पर उतरवून. आज तिथे फेरफटका मारलात तर तीन-तीन मजली आरसीसी बंगले दिसतील, पुढे ग्रॅनाइटची पायरी. मी त्याला नावं ठेवणार नाही. मुलं मोठी होतात, सुना येतात, खोल्या लागतात. वाढवण्यासाठीच दिलेलं घर वाढलं तर तक्रार कसली? ताई आणि भाऊजींनी मात्र मूळ घर राखलंय आणि नवी खोलीही कौलारूच हवी असा त्यांचा हट्ट. परवानगीचं काय ते भाऊजींनी महापालिकेत जाऊन उरकलं, तो विषय त्यांचा.

स्लॅब नको म्हणायला माझ्याकडेही कारण होतं. खोली आतून नऊ फूट बाय बारा फूट. चार इंची स्लॅब टाकला तरी चौरस मीटरला २५० किलो, म्हणजे एवढ्याशा खोलीवर अडीच टन. वर वॉटरप्रूफिंगचा कोबा आला की आणखी. आणि त्यातलं निम्मं ओझं जाणार जुन्या घराच्या चाळीस वर्षांच्या भिंतीवर, जिचा पाया कुणी कधी उकरून पाहिलेला नाही. कौलारू छप्पर सगळं धरून टनभर. शिवाय मे महिन्यात दुपारी स्लॅबखाली झोपून बघा, म्हणजे हिशेब न करताही पटेल.

तर छप्पर एकपाखी. वरचं टोक जुन्या घराच्या भिंतीला, खालचं नव्या भिंतीवर, मध्ये वाशांना टेकू नाही. उतार तीस अंशांचा. आडवं अंतर नऊ फूट, पण उतारावरून मोजलं तर वाशाची लांबी भिंतीपासून भिंतीपर्यंत सव्वादहा फुटांच्या जरा वर, शिवाय वळचणीला दीड फूट बाहेर.

आता ओझं. मंगलोरी कौलं आणि रीपा (कौलं बसवायच्या लाकडी पट्ट्या) मिळून चौरस मीटरला ६५ किलो, हे आयएस ८७५ च्या पहिल्या भागात दिलेलंच आहे. आयएस ८७५ म्हणजे इमारतीवर कुठलं ओझं किती धरायचं ते सांगणारं भारतीय मानक, आमच्या भाषेत कोड. ते उतारावरचं माप. आडव्या मापात ७५ होतात. ताईला आतून फळ्यांचं सीलिंग हवंय, त्याचं आणि वाशांचं स्वतःचं वजन धरून शंभर. मग वर चढणाऱ्या माणसांचं. दरवर्षी मेअखेर कौलं चाळायला कुणीतरी वर जाणारच. कोड म्हणतं, उतरत्या छपराला ७५ किलोपासून सुरुवात करा, दहा अंशांपुढच्या प्रत्येक अंशाला दोन किलो वजा करा, पण चाळीसच्या खाली जाऊ नका. तीस अंशांना ३५ येतात, म्हणून चाळीस. एकूण १४०. वासे दोन-दोन फुटांवर ठेवले तर प्रत्येक वाशावर मीटरला साधारण ८४ किलो.

एवढं झाल्यावर मी मिस्त्रींना विचारलं, तुम्ही काय घ्याल? मिस्त्री संगमेश्वरकडचे, वय साठीच्या पुढे, आता मुलगा फर्निचरची कामं बघतो आणि हे फक्त आवडीची कामं घेतात. त्यांनी खोलीकडे बघितलंसुद्धा नाही.

“चार-तीन. आमच्याकडची सगळी घरं चार-तीनवर उभी आहेत मॅडम.”

चार इंच बाय तीन इंच. मी हिशेबात घातलं. सागवान धरलं. आयएस ८८३ मध्ये इमारती लाकडांचे ताकदीनुसार तीन गट आहेत, साग त्यातल्या दुसऱ्या गटात. त्या गटाला वाकताना चौरस मिलिमीटरला बारा न्यूटनपर्यंतचा ताण खुशाल देता येतो. मिस्त्रींच्या वाशात आला सहाच्या जरा वर. नव्वद किलोचा गडी नेमका मधोमध उभा केला तरी सव्वानऊ. म्हणजे मोडायचा प्रश्नच नव्हता, एरवी तर अर्धी ताकद शिल्लक.

पण मग झोल काढला, म्हणजे ओझ्याने वासा मध्ये किती खाली वाकतो ते. सागाची ताठरता दहा हजार न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरून मधला झोल आला बारा मिलिमीटर. कोडची अट अशी की कौलांसारखं ठिसूळ काही पेलणाऱ्या वाशाला लांबीच्या ३६०व्या भागापेक्षा जास्त झोल नको, म्हणजे इथे पावणेनऊ मिलिमीटर. चार-तीन नापास. पत्रा असता तर अट २४०व्या भागाची, तेरा मिलिमीटरपर्यंत चाललं असतं, आणि पत्रा हलकाही. कौलांना ही सवलत नाही आणि ते योग्यच आहे. छपराला पोट सुटलं की खालच्या अर्ध्या भागात उतार कमी होतो, एकमेकांत अडकलेली कौलं बसकण सोडतात आणि जुलैच्या उभ्या-आडव्या पावसात पाणी कौलाखालून उलटं शिरतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तीन-चार मिलिमीटरचा जास्तीचा झोल इथे चैनीचा विषय नाही.

लाकडाच्या छपराची गंमत इथेच आहे. काँक्रीट करताना आम्ही आधी ताकद बघतो, झोल नंतर तपासतो आणि तो बहुधा बसतोच. लाकडात उलटं. ताकद कधीच पुरून उरलेली असते आणि माप ठरतं ते झोलावर.

आता उपाय काय? मिस्त्री म्हणाले, मग चार-चार घ्या. हा प्रत्येक सुताराचा पहिला उपाय, जाडी वाढवा. मी म्हटलं, पाच बाय अडीच घेऊ, उभा. ते हसले. “बारीक करताय आणि म्हणे झोल कमी?”

गणित असं, की जाडी दुप्पट केली तर वासा दुप्पट ताठ होतो, पण उंची दुप्पट केली तर आठपट. उंचीचा घन लागतो. चार-तीनचा छेद बारा चौरस इंच, पाच-अडीचचा साडेबारा. लाकूड जवळजवळ तेवढंच, वखारीत बिल जवळजवळ तेवढंच, आणि झोल बारावरून साडेसात मिलिमीटरवर. आणि तोच चार-तीन चुकून आडवा टाकला, तीन इंच उभे आणि चार आडवे, तर बावीस मिलिमीटर. मिस्त्रींसमोर मी फुटपट्टी काढून दोन टोकांवर आडवी आणि मग धारेवर उभी ठेवून दाबून दाखवली. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात हेच उदाहरण दिलंय, पट्टी आडवीपेक्षा उभी जास्त भार सोसते आणि ती किती पट, ते रुंदी आणि जाडीच्या प्रमाणावरून. त्याचं आतल्या ताणाचं चित्र चुकलं होतं, वासा खालच्या कडेभोवती फिरतो असं तो धरून चालला. ते दुरुस्त व्हायला पुढची शे-दीडशे वर्षं आणि बरीच फ्रेंच डोकी लागली. पण उभी पट्टी चांगली, हे त्याचं बरोबर होतं.

मिस्त्रींनी पट्टी बघितली आणि म्हणाले, “हे माहितेय हो. रीप उभीच मारतो ना आम्ही.”

मग चार-तीन कुठून आलं? हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण चाळीस वर्षं छपरं बांधणारा माणूस उगाच काही म्हणत नाही. थोडं खोदून विचारल्यावर कळलं. गावाकडच्या घरात वाशाला मध्ये आडवी तुळई मिळते. टेकूपासून टेकूपर्यंत सहा-सात फूट, त्याच्यावर क्वचितच. आणि झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. सात फुटांऐवजी सव्वादहा फूट केलं की तोच वासा साडेचारपटीहून जास्त वाकतो. सात फुटांवर त्यांच्या चार-तीनचा झोल तीन मिलिमीटरसुद्धा होत नाही, म्हणजे कोडच्या दृष्टीने उत्तमच. मिस्त्रींचं माप बरोबर होतं, फक्त ते दुसऱ्या घराचं होतं. माप गावाहून बेलापूरला आलं, त्याबरोबरची तुळई आली नाही.

त्यांनी लगेच तुळईही सुचवली. मी मोजून बघितली. बारा फुटांची तुळई, मध्ये खांब नाही, तिला आठ बाय चार लागत होती. ताई म्हणाली, डोक्यावर एवढा मोठा ओंडका नको, खोली आधीच ठेंगणी आहे. विषय संपला.

भाच्याने इंटरनेटवरून इंग्लंडातले तक्ते काढून दिले होते, कुठल्या मापाचं लाकूड किती अंतराला चालतं त्याचे. सी-१६, सी-२४ अशा प्रतींचं लाकूड, ४०० मिलिमीटरवर एकेक. तक्ते चोख असतात, पण त्यांत बर्फाचं ओझं धरलेलं असतं आणि लाकूड तिकडचं सूचिपर्णी, सी-१६ म्हणजे ताठरता आठ हजार. आपला साग दहा हजारांच्या घरात. बेलापूरच्या छपरावर बर्फाचं वजन घ्यायचं आणि वाऱ्याचं विसरायचं, असा तो उद्योग झाला असता. तिकडच्या जुन्या सुतारांचा एक ठोकताळा मात्र मला आवडतो, मजल्याच्या कडीसाठी लांबी फुटांत घ्या, निम्मी करा, दोन मिळवा, तेवढे इंच उंची. दहा फुटांना सात इंच. छपराला एवढं लागत नाही, पण ठोकताळ्यात उंचीच मोजलीय, जाडी नाही, हे बघा.

लाकूड आणायला रे रोडला लकडी बंदरला गेलो. नवा साग घनफुटाच्या भावाने परवडेना, आणि आयात केलेलं पाईन बघितलं तर दाबून बघावं इतकं ओलं. शेवटी जुनी बर्मा घ्यायची ठरली. मुंबईतल्या जुन्या चाळी आणि गोदामं पाडतात तेव्हा त्यांच्या तुळया या वखारींत येतात. ब्रिटिशांच्या काळात ब्रह्मदेशातून आलेला साग, शंभर वर्षं वाळलेला. वर काळपट, चुन्याचे ओघळ, आणि करवत फिरली की आत मधासारखा रंग आणि तो तेलकट वास, जो एकदा नाकात बसला की विसरता येत नाही.

तिथे मिस्त्रींचं वेगळंच रूप. तुळईच्या एका टोकाशी उकिडवे बसून, एक डोळा मिटून, ते तिच्या कडेवरून दुसऱ्या टोकाकडे बघायचे, बंदूक रोखल्यासारखे. मग अंगठ्याच्या नखाने एक रेघ. मग तुळईभर हात फिरवत चालायचे आणि मध्येच थांबायचे. एका तुळईत मधोमध, खालच्या अंगाला, दुसऱ्या लाकडाची कूस बसवायची जुनी खाच होती, दोन इंच खोल. बाकी तुळई अव्वल, भावही बरा. मिस्त्रींनी मान हलवली. वाकणाऱ्या लाकडात खालची बाजू ताणली जाते, ताण मधोमध सगळ्यात जास्त, आणि नेमकं तिथेच लाकूड गायब. तीच खाच टोकाजवळ असती तर चाललं असतं. गाठीचंही तसंच. गाठीपाशी नस वळसा घेते, ताणली की तिथून फाटते. म्हणून गाठ असलेली बाजू वर, दाबाकडे. हे त्यांनी मला कुठल्याही आकड्याशिवाय सांगितलं. मी जे सांगितलं असतं ते हेच, फक्त लांबण लावून.

नस तिरपी असलेले दोन तुकडे त्यांनी बाजूला काढले, तेही दुकानदाराला न दुखावता, “हे फर्निचरला भारी आहे” असं म्हणत.

दहा बाय पाचच्या तुळया घेतल्या. उभ्या-आडव्या चिरल्या की एकीतून चार वासे निघतात. आता इथे कागदावरचं माप आणि हातातलं माप यांची फारकत होते. करवतीचं पातं सूत-दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लाकूड भुशात घालवतं. मग ताईला वासे खालून दिसणार म्हणून रंधा मारायचा, पॉलिश करायचं. पाच बाय अडीच म्हणून घेतलेला वासा हातात येतो तेव्हा पावणेपाच बाय सव्वादोन असतो. पाव इंचाने काय बिघडतं, असं वाटतं, पण उंचीचा घन इथे उलटा अंगावर येतो. झोल साडेसातवरून साडेनऊ मिलिमीटरच्याही वर, म्हणजे पुन्हा नापास. पाव इंचात सगळी कमाई गेली.

मिस्त्री म्हणाले, वरची-खालची बाजू रंधायला नको, नुसतं बाजूंना रंधतो. ताईला ते पसंत पडेना. शेवटी सरळ एक वासा वाढवला. सातांऐवजी आठ, दोन फुटांऐवजी साडेवीस इंचांवर, आणि झोल सव्वाआठ मिलिमीटरवर बसला. वाशाला लागतं घनफूटभरच लाकूड, त्यामुळे फार काही बिघडलं नाही. प्रत्येक वाशाला थोडा नैसर्गिक बाक असतोच. मिस्त्रींनी प्रत्येकाची पाठ खडूने खूण करून ठेवली होती आणि बसवताना सगळ्यांच्या पाठी वर घेतल्या. ओझं आलं की बाक सपाट होतो, मग झोल सुरू होतो. हा फायदा कोडमध्ये धरलेला नाही, पण घेऊ नका असंही कुठे लिहिलेलं नाही.

एवढं सगळं मी आनंदाने लिहिलं, पण खरं सांगायचं तर वासे झोलाने खराब होत नाहीत आणि मोडूनही पडत नाहीत. ते टोकाला सडतात. भिंतीत घट्ट लिंपून टाकलेलं टोक पावसाळाभर ओल ओढत राहतं आणि त्याला वाळायला वाट नसते. बाहेरून वासा ठणठणीत, आत टोकाचा भुगा, आणि ओल आली की मागोमाग वाळवी. म्हणून नव्या भिंतीत टोकं गाडलीच नाहीत. भिंतीच्या माथ्यावर लाकडी आडवी पट्टी, तिच्याखाली डांबरी कागद, आणि वाशाला खालून खाच पाडून तो पट्टीवर बसवलेला, चारही बाजूंनी वारा खेळता. खाच वाशाच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाहून खोल नको, एवढंच मी सांगितलं. टोकांच्या कापलेल्या तोंडांना मिस्त्रींनी काजूच्या टरफलांचं तेल पाजलं. लाकूड पाणी पितं ते तोंडाने, कडेने नाही. नळ्या सगळ्या लांबीच्या दिशेने असतात. ब्रशने दोन-तीनदा ते काळं, हाताला भाजणारं तेल लावलं तेव्हा प्रत्येक वेळी ते डोळ्यांदेखत आत मुरलं.

जुन्या भिंतीकडे वेगळा ताप. तिथे नवं छप्पर उभ्या भिंतीला टेकतं आणि भिंतीवरून वाहणारं सगळं पाणी त्या सांध्यात येतं. भिंतीत खाच मारून ॲल्युमिनियमची पट्टी घुसवली आणि ती कौलांवर उतरवली. गवंड्याचं म्हणणं होतं की नुसता सिमेंटचा गोल काढला की झालं. मी गोल काढू दिला नाही. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, सिमेंट हलत नाही, पहिल्याच दिवाळीला तिथे चीर पडते.

राहिला वारा. मुंबई परिसरासाठी कोडने सेकंदाला ४४ मीटरचा मूळ वेग दिलाय. त्याचा दाब काढला तर चौरस मीटरला ११८ किलोच्या घरात जातो. दाटीवाटीच्या वस्तीत, ठेंगण्या घराला, गुणक लावल्यावर तो बराच उतरतो, आणि कौलांच्या फटींतून हवा निसटते ते वेगळंच. तरी आपल्या छपराचं वजन शंभरच आहे, हे विसरून चालत नाही. वारा छपराला दाबत नाही, वळचणीखाली शिरून उचलतो. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीत कितीतरी घरांची कौलं, पत्रे उडाले. ज्या ओझ्याचा मी इतका बारकाईने हिशेब केला ते अशा दिवशी आपल्या बाजूने असतं, पण पुरेसं असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक वाशाला खाली लोखंडी पट्टी, ती भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडी आडव्या पट्टीला बोल्टने, आणि आडवी पट्टी भिंतीत दोन फूट खाली उतरवलेल्या सळईला. मिस्त्रींच्या मते हे जरा अतीच. त्यांनी बोल्ट मारले, पण प्रत्येक बोल्टला एकेक उसासा टाकून.

कौलं चढवायच्या आधी मी एका मधल्या वाशाखाली टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून खूण केली. कौलं आणि सीलिंग झाल्यावर पुन्हा दोरी ताणली. नुसत्या कायमच्या ओझ्याला माझ्या हिशेबाने सहा मिलिमीटर यायला हवे होते. मिस्त्रींनी पट्टी लावली आणि म्हणाले, “दीड सूत.” म्हणजे पाचच्या आत-बाहेर. वळचणीचं बाहेर आलेलं टोक वाशाला उलटं तोलून धरतं, ते मी हिशेबात धरलं नव्हतं. जुनी बर्माही दहा हजारांपेक्षा ताठ निघाली असेल. पण हा आजचा आकडा. कायमच्या ओझ्याखाली लाकूड वर्षानुवर्षं आणखी वाकत राहतं, दमट हवेत जरा जास्तच, आणि पहिल्या झोलाएवढा दुसरा झोल सहज येतो. नवं, ओलं लाकूड घेतलं असतं तर तो पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच दिसला असता.

दोरी हातात होतीच, म्हणून भाऊजी म्हणाले, आतल्या जुन्या छपरालाही लावून बघा. लावली. मधल्या खोलीच्या वाशांना नऊ सूत पोट, म्हणजे इंचाहून जास्त. ताईचा चेहरा उतरला. बदलायचे का सगळे, ती विचारायला लागली. मिस्त्रींनी शिडी भिंतीकडे सरकवली, वर चढले आणि एकेका वाशाच्या टोकाला पटाशीची मूठ ठोकत गेले. ठक, ठक, ठक, आणि मग दोन वाशांना बदबद. खिडकीच्या बाजूचे दोन, जिथे कौल फुटून कित्येक वर्षं गळत होतं.

बाकीच्यांना हात लावायचा नाही, यावर आमचं एकमत झालं. त्या दोन वाशांची सडलेली टोकं कापून बाजूला अडीच-अडीच फुटांचे नवे तुकडे बोल्टने जोडायचे, पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरात. बर्माचे चार तुकडे उरलेत, ते ताईने पलंगाखाली ठेवले आहेत. मिस्त्रींनी आत्तापासूनच सांगून ठेवलंय की बोल्ट प्रत्येकी दोनच, चार नाहीत. मी तीनवर आलेय.